वांद्रे पश्चिम पायी: गावठाणातून समुद्राकडे, एका दिवसाचा बेत

वांद्र्याला फिरायला जाणाऱ्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. स्टेशनबाहेर रिक्षा पकडायची, ‘मन्नत’ म्हणायचं, फाटकासमोर फोटो काढायचा, बँडस्टँडवर कणीस खायचं, परतताना लिंकिंग रोडला चपलांची घासाघीस करायची. तीन तासांत वांद्रं उरकलं. त्यात वाईट काही नाही, पण पाहिलं काय, तर एक बंद फाटक.

वांद्रं हे मुळात गावांचं गाव. पाली, रनवार, चिंबई, शेर्ली, राजन, कांटवाडी अशा चोवीस पाखाड्या, म्हणजे छोट्या वस्त्या, इथे होत्या असं जुनी मंडळी सांगतात. ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी आणि कोकणी मुसलमान ही इथली जुनी वस्ती. श्रीमंत उपनगर त्यांच्यावर मागाहून चढलं, पण पाखाड्या पुरत्या पुसल्या गेल्या नाहीत. म्हणून हा बेत गावठाणापासून सुरू होतो आणि समुद्र शेवटी येतो. क्रम उलटा केलात, तर दुपारचं ऊन बँडस्टँडवर खाल आणि संध्याकाळी अरुंद गल्ल्यांत मोटारसायकली चुकवत फिराल.

आधी दिवस ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्च उजाडला की सकाळी अकरानंतर दमट उष्मा माणसाला पिळून काढतो. पावसाळ्यात समुद्र देखणा असतो, पण किनाऱ्याचा अर्धा कार्यक्रम बाद होतो.

वार शक्यतो मंगळवार ते शुक्रवार. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा असतात आणि संध्याकाळी बँडस्टँडवर मुंगीलाही जागा नसते. आता एक अपवाद. माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते (८ तारीखच रविवारी आली तर त्याच दिवशी) आणि आठवडाभर चालते. त्या काळात टेकडीवरच्या रस्त्यांवर वाहनांना बंदी असते आणि रांगा लांबच लांब लागतात. जत्रा बघायची असेल तर खास जत्रेसाठीच या, त्या दिवशी बाकीच्या वांद्र्याचा नाद सोडा.

सूर्यास्ताची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. डिसेंबरच्या सुरुवातीला तो सहाच्या सुमारास होतो, जूनअखेर सव्वासातनंतर. संध्याकाळचं सगळं वेळापत्रक या एका आकड्यावर बसवायचं आहे.

पोहोचायचं कसं

लोकलने. पश्चिम रेल्वेच्या धीम्या-जलद गाड्या इथे थांबतात आणि हार्बरवरूनही थेट येता येतं. चर्चगेटकडून सकाळी येणाऱ्यांची चैन असते, कारण गर्दी उलट्या दिशेला असते. बोरिवली-विरारकडून येणाऱ्यांनी मात्र सातच्या आत निघावं.

बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी इशारा: तिकिटावर ‘वांद्रे टर्मिनस’ असेल तर ते लोकलचं स्टेशन नव्हे. टर्मिनस पूर्वेला, थोडं आडबाजूला आहे. तिथून लोकल स्टेशनपर्यंत सामान घेऊन चालणं त्रासाचं होतं, रिक्षा करा.

मोटार आणायचीच असेल तर आणा, पण रनवारच्या गल्लीत ती घालू नका. दक्षिण मुंबईकडून सी लिंकवरून येता येतं. दुचाकी, रिक्षा आणि पादचाऱ्यांना त्या पुलावर मज्जाव आहे.

स्टेशनात उतरलात की लगेच बाहेर पळू नका. पश्चिमेकडची इमारत १८८८ची आहे, वारसा यादीत पहिल्या श्रेणीत. उतरती छपरं, लाकडी नक्षी आणि मधला उंच भाग बघायला रस्त्याच्या पलीकडे जाऊन मागे वळावं लागतं. रिक्षांच्या गराड्यात आणि फेरीवाल्यांच्या गलक्यात रोज लाखो लोक तिच्या पोटातून जातात आणि मान वर करत नाहीत.

वांद्र्याचं नशीब बदललं ते मात्र रेल्वेच्याही आधी. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. तोवर माहीमहून वांद्र्याला होडीने यावं लागे आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी त्यासाठी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, तेही पुलावर टोल घ्यायचा नाही या अटीवर. १८७६ मध्ये इथे स्वतंत्र नगरपालिका आली. पारशी आणि युरोपीय धनिकांनी टेकडीवर आणि किनाऱ्यावर बंगले बांधले ते या दळणवळणामुळे.

पहिला टप्पा: हिल रोड, पण फक्त वाट म्हणून (सकाळी साडेआठ)

स्टेशनबाहेर स्वामी विवेकानंद मार्ग लागतो. त्यावर डावीकडे चालत गेलात की ‘लकी’ हॉटेलचा चौक येतो. जवळच वांद्र्याचा तलाव आहे, स्वामी विवेकानंद तलाव हे त्याचं आताचं नाव. तोही वारसा यादीत आहे, पण त्याची अवस्था बघता पाच मिनिटं पुरेत.

चौकातून पश्चिमेला जातो तो हिल रोड. सरकारी नाव रामदास नायक मार्ग, पण रिक्षावाल्याला ते सांगितलंत तर तो तुमच्याकडेच बघत राहील. दुकानं अकराशिवाय नीट उघडत नाहीत, हाच सकाळी येण्याचा फायदा. पदपथ मोकळे असतात. एल्को मार्केटची पाणीपुरी प्रसिद्ध आहे, ती दुपारसाठी मनात टिपून ठेवा. पुढे सेंट पीटर्स चर्च आणि १८६३ पासूनची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा लागते. होली फॅमिली हॉस्पिटलसमोर ‘हर्श बेकरी’ आहे. चिकन किंवा भाजीचे पफ घ्या आणि उभ्यानेच खा, बसायला जागा जवळपास नाहीच.

दुसरा टप्पा: रनवार (सव्वानऊ ते साडेदहा)

या दिवसाचा खरा ऐवज इथे आहे, तेव्हा घाई करू नका.

हिल रोडवरून दक्षिणेला चॅपल रोड, वेरोनिका स्ट्रीट आणि वारोडा रोड फुटतात. या तिघांच्या मध्ये रनवार ही जुनी पाखाडी. आत शिरल्यावर पहिल्या शंभर पावलांत हिल रोडचे हॉर्न मागे पडतात. मंगलोरी कौलं, लाकडी कठडे, छोट्या पडव्या. काही घरांच्या वरच्या मजल्याचा जिना बाहेरून चढतो. अशा जिन्यामुळे वरचा मजला स्वतंत्रपणे भाड्याने देता येतो.

गल्लीच्या तोंडाशी किंवा वळणावर क्रूस दिसतील. काही चुन्याने पांढरे केलेले, काहींना झेंडूची माळ, पुढे मेणबत्ती. वांद्र्यातले असे बरेच क्रूस १८९६च्या प्लेगच्या साथीत आणि त्यानंतर उभे राहिले. साथ वस्तीत शिरू नये म्हणून लोकांनी वेशीवर राखण बसवली. मराठी माणसाला यात परकं वाटण्यासारखं काही नाही, आपल्या गावांच्या वेशीवर मरीआई असतेच.

ही घरं ज्यांची, ते ईस्ट इंडियन लोक इथलेच. पोर्तुगीज काळात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं, म्हणजे गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी. घरात बोलतात ती मराठीचीच एक बोली. एखादी आजी पडवीत बसलेली दिसली तर इंग्रजी झाडण्याऐवजी सरळ मराठीत ‘काय आजी, बरं आहे ना?’ म्हणून बघा. त्यांच्या स्वयंपाकातला बॉटल मसाला ही मात्र स्वतंत्र चीज आहे. उन्हाळ्यात मिरच्या आणि ढीगभर गरम मसाल्यांचे जिन्नस भाजून, कुटून, बाटल्यांत ठासून भरतात आणि वर्षभर वापरतात. नाताळाच्या आसपास आलात आणि कुठे फुगे मिळाले, म्हणजे तळलेल्या पिठाचे ते गोळे, तर सोडू नका.

भिंतींवरची चित्रं हे इथलं दुसरं आकर्षण. रणजित दहिया या चित्रकाराने २०१२च्या सुमारास हिंदी सिनेमातल्या चेहऱ्यांनी वांद्र्याच्या भिंती रंगवायला घेतल्या, त्यातली अनारकली चॅपल रोडवर गाजली. दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड चित्रही त्याचंच, ते २०१४ मध्ये रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर काढलं गेलं. भिंतीवरचं चित्र कायमचं नसतं. एखादं पुसून दुसरं आलेलं असेल, तर हळहळू नका.

दोन पथ्यं पाळा. ही राहती घरं आहेत. लोकांच्या पायऱ्यांवर बसून फोटोसाठी पोझ देणाऱ्यांना रहिवासी वैतागलेले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. गल्लीचा फोटो खुशाल घ्या, पण उघड्या खिडकीचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा नको. दुसरं, आवाज कमी ठेवा. गल्ली इतकी अरुंद आहे की रस्त्यावरचं बोलणं थेट माजघरात पोहोचतं.

इथे कॉफीची महागडी दुकानं झाली आहेत. एका कपाच्या पैशांत एल्कोला दोघांचं पोट भरेल. तरी जुन्या घरात बसायला मिळतं म्हणून एकदा जायला हरकत नाही.

तिसरा टप्पा: सेंट अँड्र्यूज आणि चिंबई (साडेदहा ते बारा)

पुन्हा हिल रोडला या आणि पश्चिमेकडे चाला. काही मिनिटांत सेंट अँड्र्यूज चर्च. जेझुइट पाद्र्यांनी १५७५ मध्ये बांधलं. मुंबई बेट तेव्हा इंग्रजांच्या स्वप्नातही नव्हतं. आवारातला दगडी क्रूस चुकवू नका. सुमारे सतरा फूट उंच, एकाच दगडातून घडवलेला, आणि त्यावर येशूच्या दुःखभोगाची चिन्हं कोरलेली आहेत. जवळ जाऊन एकेक चिन्ह शोधण्यात मुलांचा वेळ मजेत जातो. आवारात जुन्या कबरी आहेत, त्यांच्यावर पाय देऊन उभे राहू नका.

चर्चच्या मागच्या अंगाला चिंबई आहे. कोळ्यांची वस्ती, छोटा किनारा, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी, आणि पावसाळा सोडला तर बांबूंवर वाळणारे बोंबील. वास येणारच. नाक दाबून फिरायचं असेल तर इथे येऊच नका, समोरच्या माणसाला ते दिसतं. किनारा स्वच्छ नाही, हेही सांगून टाकतो. पाण्यात उतरण्याजोगा तर मुळीच नाही. पण एका अंगाला कोळ्यांची कौलं आणि दुसऱ्या अंगाला कोट्यवधींच्या सदनिका, हे दृश्य इतक्या जवळून दुसरीकडे सहसा दिसत नाही. जाळी विणणाऱ्या मावशींचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा. ओहोटीची वेळ असेल तर होड्या जवळून बघता येतात.

इथून उत्तरेला थोडं चालल्यावर जॉगर्स पार्क. १९९० मध्ये सुरू झालेली ही समुद्रालगतची बाग मुलांबरोबर असाल तरच बेतात धरा, नाहीतर वगळा. दुपारी उघडी नसण्याची शक्यता आहे.

जेवण आणि दुपार

बारा ते साडेतीन उन्हात चालायचं नाही, हा नियम. ‘लकी’ची बिर्याणी खाणारे मागे फिरून चौकात जातात. पाली नाक्याच्या बाजूला गेलात तर पर्याय पुष्कळ, ‘कँडीज’मध्ये सँडविच-केक घेऊन निवांत बसता येतं. शाकाहारी मंडळींना एल्कोची चाट आणि छोले-भटुऱ्यांवर भागवता येईल. स्वच्छतागृहाचा प्रश्न जेवायला बसाल तिथेच सोडवून घ्या. किनाऱ्यावरच्या सार्वजनिक सोयींवर भिस्त ठेवू नका.

खरेदी करायची तर याच वेळात. हिल रोडला कपडे, लिंकिंग रोडला चपला आणि पिशव्या. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून खाली सुरुवात करा आणि न हसता निघून जायची तयारी ठेवा. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

चौथा टप्पा: माउंट मेरी (साडेतीन ते साडेचार)

हिल रोडच्या पश्चिम टोकाला मेहबूब स्टुडिओ लागतो. मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये उभारलेला. आत जाता येत नाही, बाहेरून बघून पुढे व्हा. तिथून चढ सुरू होतो. फार नाही, पण गुडघे कुरकुरणाऱ्यांनी रिक्षा करावी. किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे आणि इथे मीटरनेच जातात.

टेकडीवरचं आत्ताचं चर्च १९०४चं, वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय. देऊळ कुणाचं, आराखडा कुणाचा, नवस कुणाचे, याचा हिशोब वांद्र्याने कधी ठेवलाच नाही. मरियमची मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइटांनी आणली. पुढे हल्लेखोरांनी तिचा हात तोडला, आणि समुद्रात सापडलेल्या मूर्तीची कोळ्यांमध्ये एक कथाही चालत आली आहे. कोळी तिला मोतमाउली म्हणतात. जत्रेला येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात.

बाहेरच्या टपऱ्यांवर नवसाच्या मेणाच्या वस्तू बघा. हात, पाय, डोळे, बाळ, घर, आणि हल्ली विमानसुद्धा. ज्याला जे हवं ते मेणात मिळतं. एखादी साधी मेणबत्ती घ्यायला हरकत नाही, टपरीवाले आग्रह करतात पण मागे लागत नाहीत. आत मोबाईलचा आवाज बंद ठेवा, प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा. रस्त्यापलीकडे पायऱ्या चढून फातिमा मातेचं छोटं स्थान आहे, तिथून चर्चचा दर्शनी भाग पुरता दिसतो.

पाचवा टप्पा: किल्ला (पावणेपाचपासून)

टेकडीवरून समुद्राच्या बाजूला उतरत दक्षिण टोकाला जा, ताज लँड्स एंड हॉटेलच्या पलीकडे. याच भागात ‘सी रॉक’ हे हॉटेल होतं. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत त्याचं मोठं नुकसान झालं, आणि ते पुढे कायमचं गेलं.

वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला. किल्ला म्हणून रायगड-सिंहगड डोळ्यांपुढे आणाल तर निराश व्हाल. ही माहीमच्या खाडीवरची पहाऱ्याची चौकी. इथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि ये-जा करणारी गलबतं पाणी भरून घेत. उरलं आहे ते एक प्रवेशद्वार, त्यावरचा पोर्तुगीज शिलालेख आणि तटाचे तुकडे. इतकंच का उरलं, त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मराठ्यांनी साष्टीवर, म्हणजे वांद्रं ज्या बेटावर आहे त्यावर, धडक मारली तेव्हा हा मोक्याचा किल्ला त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी पोर्तुगीजांना तो पाडायला सुचवलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि या भागातलं पोर्तुगीज राज्य संपलं. साष्टी पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी बळकावली आणि १७८२च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडे कायम झाली.

प्रवेश फुकट आहे. वरून समोर सी लिंक दिसतो: ५.६ किलोमीटर, ३० जून २००९ रोजी उद्घाटन झालेला. डावीकडे माहीमची खाडी, तिच्यात मिठी नदी येऊन मिळते. फोटोसाठी किल्ल्याची बाजू सर्वात चांगली, कारण दुपार कलल्यावर प्रकाश पुलाच्या तारांवर तिरका पडतो. झाडाझुडपांत बसलेल्या जोडप्यांकडे दुर्लक्ष करा. या शहरात दोन माणसांना बोलत बसायला जागा कुठे आहे? अंधार पडायच्या आत बाहेर या.

सहावा टप्पा: बँडस्टँड

किल्ल्यावरून उत्तरेकडे, समुद्र डावीकडे ठेवून, सव्वा किलोमीटरच्या आसपास चालायचं. रस्त्याचं नाव बैरामजी जीजीभॉय यांच्यावरून आहे. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सुरुवात केलीत तर वेळ बरोबर बसते. ‘मन्नत’ वाटेतच आहे. मूळचा हा ‘व्हिला व्हिएन्ना’, वारसा यादीतला बंगला, पण रस्त्यावरून भिंत आणि फाटकच दिसतं. दोन मिनिटं थांबा आणि चला.

खडकांवर जाऊ नका. ओहोटीला काळे खडक उघडे पडतात आणि तिथून पुढे जायचा मोह होतो. शेवाळ निसरडं असतं आणि भरती मागून, दोन्ही बाजूंनी येते. जानेवारी २०१६ मध्ये किल्ल्याजवळ सेल्फी घेताना मुली पाण्यात पडल्या. त्यात एक बुडाली, तिला वाचवायला गेलेला माणूसही गेला. त्यानंतर पोलिसांनी सेल्फीबंदीच्या जागा ठरवल्या. जुलै २०२३ मध्ये लाटेने एका बाईला कुटुंबादेखत ओढून नेलं. सूर्य कठड्यामागूनही तेवढाच दिसतो. पावसाळ्यात पोलीस शिट्टी वाजवतात तेव्हा वाद घालू नका.

कार्टर रोडचं काय?

त्याच दिवशी कोंबू नका. कार्टर रोड, कागदोपत्री संगीतसम्राट नौशाद अली मार्ग, ही खरी सकाळची जागा: फिरणारे, कुत्री, खारफुटीवरचे बगळे. राजेश खन्नांचा ‘आशीर्वाद’ बंगला इथेच होता, आता पाडला गेला. मुंबईत मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सहा वाजता या आणि उत्तरेला खार दांड्याच्या कोळीवाड्यापर्यंत चालत जा.

परत जाताना

बँडस्टँडवरून वांद्रे स्टेशनला जाणारी बेस्टची बस मिळते. ‘फादर ॲग्नेल आश्रम’ हे तिचं या बाजूचं टोक. संध्याकाळी सहा ते साडेआठ उत्तरेकडच्या लोकल तुडुंब असतात. बोरिवलीपर्यंतच जायचं असेल तर विरार गाडीत चढू नका, उतरायला मिळणार नाही.

त्यापेक्षा गर्दी ओसरेपर्यंत पूर्वेला जा. कलानगरच्या बाजूला साहित्य सहवास ही मराठी लेखकांची वसाहत आहे. कवी रमेश तेंडुलकर इथे राहत, आणि त्यांचा सचिन याच आवारात लहानाचा मोठा झाला. आत शिरून बघण्यासारखं काही नाही, लोकांची घरं आहेत, बाहेरूनच जा. तिथून गांधीनगरात, महामार्गाच्या सेवारस्त्याला ‘हायवे गोमंतक’ आहे. सुरमईची थाळी किंवा तिसऱ्यांचं सुकं मागवा, सोलकढी वेगळी सांगा. निघण्याआधी त्यांचा सुट्टीचा वार बघा, आणि साडेसातच्या आत पोहोचा, नंतर बाहेर बाकड्यावर ताटकळावं लागतं.